तुळस वाळली, सासूबाई यायच्यात, गुपचूप नवी आणून लावू का?

ठाण्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ३१, नोकरी करते, बाराव्या मजल्यावर वन बीएचके. सासर सावंतवाडीकडचं, तिथे अंगणात मोठं वृंदावन आहे आणि सासूबाई रोज पहाटे आंघोळ करून तिथे पाणी घालतात. हिच्या घरी मात्र दोन वर्षांत तीन तुळशी वाळल्या. पहिली तुळशीच्या लग्नाला आणलेली, ती जानेवारीत गेली आणि एप्रिलमध्ये सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली. दुसरी पाडव्याला आणली, ती जुलैत गेली. तिसरी यंदा अक्षय्य तृतीयेला आणली, मस्त वाढली, आणि आता ऑक्टोबरमध्ये बघता बघता वाळली, त्यातच नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झालीय. सोसायटीतल्या एका काकूंनी सांगितलं की अडचण असताना हात लागला असणार म्हणूनच असं होतंय, आणि हिला आठवतंय की घाईत एक-दोनदा तसं पाणी घातलं गेलं होतं. सासूबाई मागे फोनवर म्हणाल्या होत्या, "तुळशीक घरातला सगळा कळता." त्या दिवाळीला येतायत, तुळशीचं लग्न लावूनच परत जाणार. पत्राचा शेवट असा: "ताई, त्या यायच्या आधी तशीच दिसणारी तुळस आणून त्याच वृंदावनात लावून ठेवू का? नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पण खोट्या तुळशीचं लग्न लावलं तर पाप लागेल का? रात्री झोप येत नाहीये, उठून उठून बाल्कनीत जाऊन बघते."

मैत्रिणी,

उत्तर आधीच सांगते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. नवी तुळस आण, जरूर आण, पण गुपचूप नको. पाप वगैरे काही लागणार नाही आणि खोटी तुळस अशी काही नसतेच, नर्सरीतली काय आणि अंगणातली काय, सगळ्या तुळशीच. मला काळजी वेगळीच वाटतेय. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हेच जाणवलं की घरात जे जे वाईट झालं त्याचा सगळा भार तू एकटीने स्वतःच्या हातावर घेऊन ठेवलायस, त्या हाताने पाणी घातलं म्हणून सासऱ्यांचं हार्ट, त्या हाताने पाणी घातलं म्हणून नवऱ्याची नोकरी. हे आधी खाली ठेव बाई.

तूच दिलेल्या तारखा जरा परत बघ. पहिली तुळस जानेवारीत वाळली आणि सासऱ्यांचा त्रास एप्रिलमध्ये निघाला, मधे तीन महिने गेले, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या काही तीन महिन्यांत तुंबत नाहीत, ते आतल्या आत कित्येक वर्षं चालू असतं, तुझ्या लग्नाच्याही आधीपासून. तिसरीचं म्हणशील तर कंपनीतली कपात कुठल्यातरी मीटिंगमध्ये ठरली, बाराव्या मजल्यावरच्या कुंडीत काय चाललंय ते त्यांना काय माहीत. आणि दुसरी? ती जुलैत गेली तेव्हा घरात काय वाईट झालं हे तू लिहिलंच नाहीस. उलट पत्रात दुसऱ्याच कुठल्यातरी ओळीत, सासूबाई तेव्हा का येऊ शकल्या नाहीत हे सांगताना, तू लिहिलंयस की त्याच जुलैत नणंदेला मुलगी झाली. म्हणजे तुळस वाळली आणि घरात लक्ष्मी आली. हे तू हिशोबात धरलं नाहीस, कारण भीती वाटत असली की माणूस फक्त भीतीला जुळणाऱ्या गोष्टीच मोजतो, सगळेच मोजतात, तू काही वेगळी नाहीस.

आता खरं कारण. ते तुझ्याच पत्रात आहे. तू लिहिलंयस की वृंदावन उत्तरेच्या बाल्कनीत ठेवलंय कारण व्हॉट्सॲपवर कोणीतरी दिशा पाठवली होती. आपल्याकडे ठाणे-मुंबईत उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन येतं ते साधारण मे ते जुलै, तेव्हा सूर्य पार डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. तुझी तिसरी तुळस अक्षय्य तृतीयेपासून मस्त वाढली म्हणतेस ना, ती यामुळेच! नंतर सूर्य दक्षिणेला गेला, बाल्कनीत उजेड राहिला पण ऊन गेलं, आणि तुळशीला नुसता उजेड पुरत नाही, रोजचं चार-पाच तास तरी चांगलं ऊन लागतं. ऊन कमी झालं आणि पाणी मात्र तेवढंच चालू राहिलं, मुळं कुजली, वरून आपल्याला दिसतं वाळल्यासारखं म्हणून आपण आणखी पाणी घालतो. दुसरी भर पावसाळ्यात गेली, ढगांमुळे तेव्हा ऊन नव्हतंच, ती पण याच रस्त्याने. तू लिहिलेलं पांढरं सिरॅमिकचं वृंदावन उलटं करून बघ एकदा, खाली भोक आहे का, माझा अंदाज आहे की नसेल, शोभेच्या बऱ्याच वृंदावनांना नसतंच.

आणि पहिली. तुळशीच्या लग्नाला रस्त्यावर जी रोपं येतात ती मंजिऱ्यांनी लगडलेली असतात, दिसायला फार सुंदर, आपण तीच निवडून घेतो. पण मंजिरी भरली म्हणजे झाडाने आपली सगळी ताकद बियांमध्ये घातलेली असते. त्यात ते बिचारं पिशवीतल्या लाल चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात, पाणी वरून वाहून जातं आणि गोळा आतून कोरडाच, पुढे थंडी. पौष-माघात ती रोपं जातात, तुझ्याकडेच नाही, घरोघरी जातात. फक्त कोणी बोलत नाही, कारण प्रत्येकीला वाटतं आपल्याच घरात झालं.

तुळस हे मुळात वडापिंपळासारखं दीर्घायुषी झाड नाहीच. नीट जपली तर दोन-तीन वर्षं, कुंडीत कधी एकच, मग खोड लाकडासारखं होतं, पानं बारीक होतात आणि ती जाते. तुला वाटतंय सावंतवाडीच्या वृंदावनात वर्षानुवर्षं एकच तुळस उभी आहे आणि माझ्याकडेच टिकत नाही. सासूबाईंना विचारून बघ. त्या वृंदावनातली तुळससुद्धा कितीतरी वेळा बदललेली असणार, फक्त तिथे मंजिऱ्या खालीच झडतात, पहिला पाऊस पडला की बुंध्याशी, वृंदावनाच्या फटीत, अंगणाच्या कडेला सगळीकडे इवली इवली रोपं उगवतात, जुनी थकली की त्यातलंच एक वर येतं, कुणाला पत्ताही लागत नाही. शेजारची विचारते आणि तिला चार रोपं उपटून देतात, तिच्याकडची मेली की परत देतात. जुनं जाणार आणि नवं उगवणार हे त्या पूजेत धरलेलंच आहे. फ्लॅटमध्ये आपण एकच रोप विकत आणून ठेवतो, आजूबाजूला पिल्लं नाहीत, खाली माती नाही, म्हणून तिचं जाणं असं एकदम डोळ्यांत भरतं आणि अपशकुन वाटतो.

वाळलेली तुळस अशुभ म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते, वारकऱ्याच्या गळ्यात काय असतं? तुळशीच्या वाळलेल्या लाकडाचे मणीच ना? लाखो माणसं ती माळ घालून आषाढीला पंढरपूरला चालत जातात, ती घातली की मांसमच्छी सोडतात, दारू सोडतात. वाळलेल्या तुळशीत अपशकुन असता तर ती गळ्यात कोणी बाळगली असती? तेव्हा तुझी ती वाळलेली तुळस घाईघाईने कचऱ्यात टाकू नकोस आणि तिच्याकडे बघून घाबरूही नकोस. आधी नखाने खोड जरा खरवडून बघ, आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, वाळलेल्या फांद्या छाटून उन्हात ठेव, फुटेल. हिरवं नसेल तर मंजिऱ्या काढून घे, त्या लागणार आहेत, आणि बाकीची मातीतच पुर, दुसऱ्या कुंडीत किंवा सोसायटीच्या बागेत.

आता त्या काकूंचं. पाळीत हात लागला की तुळस जळते हे आपल्यातल्या बहुतेक जणींनी लहानपणी ऐकलंय, म्हणून डोक्याला पटलं नाही तरी मनात कुठेतरी टोचतं, ते मी समजू शकते. पण विचार कर, नर्सरीत रोपं भरायला, पिशव्या लावायला, पाणी मारायला बायकाच असतात. शेतात तुळस लावणाऱ्या, खुडणाऱ्या बायका. दादरच्या फूलबाजारात तुळशीच्या जुड्या बांधून विकणाऱ्या बायका. त्या महिन्यातले चार दिवस सुट्टी घेतात का? कोणाला परवडणार आहे? आपल्या देवाच्या गळ्यातला हार त्यांच्याच हातून आलेला असतो आणि तो काही जळून येत नाही. झाडाला कळतं ते पाणी, ऊन, माती, वारा. तुझ्या अंगाचं त्याला काही कळत नाही.

आणि वृंदेची गोष्ट आठव, आजीने सांगितली असेल. जालंधर नावाच्या असुराची बायको, तिच्या पातिव्रत्यामुळे त्याला कोणी मारू शकत नव्हतं. विष्णूने जालंधराचं रूप घेऊन तिला फसवलं, जालंधर मारला गेला, वृंदेने प्रत्यक्ष विष्णूला शाप दिला की तू दगड होशील आणि स्वतः जळून गेली. त्या राखेतून तुळस आली, विष्णू शाळिग्राम झाला आणि दर कार्तिकात तिच्याशी लग्न लावून घेतो. वेगवेगळ्या पुराणांत ती थोडी थोडी वेगळी येते, पण मला नेहमी एकच दिसतं, या गोष्टीत चूक बाईची नव्हती आणि देवानेसुद्धा तिच्यावर ढकलली नाही, शाप मुकाट्याने घेतला, तिला डोक्यावर ठेवलं, तिच्या पानाशिवाय नैवेद्य घेत नाही. आणि त्याच तुळशीवरून आपण घरच्या सुनेला दोषी ठरवायचं? हे मला अजिबात पटत नाही, देवाधर्माचं सगळं करूनही पटत नाही.

जाता जाता आणखी एक, कारण याचीही पत्रं खूप येतात. घरातल्या विधवा काकूला, आत्याला तुळशीच्या लग्नात मागे उभं करतात. वृंदा स्वतः कोण होती ते वर लिहिलंय. तिच्या लग्नात अंतरपाट धरायचा पहिला मान खरं तर त्याच बाईचा.

आता सासूबाई. "तुळशीक घरातला सगळा कळता" हे वाक्य तू टोमणा म्हणून ऐकलंस. मला तसं वाटत नाही. जी बाई चाळीस-पन्नास वर्षं पहाटे उठून तुळशीपुढे उभी राहिली, जे नवऱ्याला सांगता आलं नाही, सासूला सांगता आलं नाही ते तिला सांगितलं असेल, ती असंच म्हणणार. ओव्यांमध्ये बघ, तुळस म्हणजे बायकांची सखी, कोणाची लेक. आणि दुसरा एक समजसुद्धा आपल्याकडे तितकाच जुना आहे, घरावर येणारं संकट तुळस स्वतःवर घेते आणि वाळते. त्याला मी शास्त्र म्हणत नाही, पण सासूबाईंच्या मनात यातलं काय आहे हे तुला माहीत नाही, त्यांना विचारलंच नाहीयेस. मनातल्या मनात त्यांचा निकाल लावून मोकळी झालीस.

गुपचूप बदललीस तर काय होईल बघ. एक तर त्यांना कळेल. रोज तुळस हाताळणाऱ्या बाईला जून खोड आणि नर्सरीतलं कोवळं रोप ओळखता येत नाही असं समजू नकोस, त्या काही बोलणार नाहीत एवढंच, आणि ते न बोलणंच पुढे घरात साचत जाईल. नाही कळलं तरी मंगलाष्टका चालू असताना तुझं अर्धं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे असणार. आणि जानेवारीत हीसुद्धा गेली तर? मग चौथी, पाचवी, दरवेळी लपवत बसणार का?

त्यापेक्षा आजच फोन कर. फार प्रस्तावना नको, साधं सांग: "आई, इथे तुळस टिकत नाहीये, तीन गेल्या, मला फार वाईट वाटतंय. येताना आपल्या अंगणातल्या मंजिऱ्या आणि दोन-तीन लहान रोपं आणाल का? आणि कशी लावायची ते दाखवा." बस. यात खोटं काही नाही आणि त्यांना जे येतं ते त्यांच्याकडे मागितलंयस, कोणत्याही सासूला हे आवडतं. दिवाळीच्या फराळाच्या डब्यांबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळून मुळासकट रोपं आणणं हे कोकणातल्या माणसाला नवीन नाही. रोपं प्रवासात दमली तर घाई करू नका, तुळशीचं लग्न द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावतात, दोन-तीन दिवस मिळतात. तरीही त्या म्हणाल्याच की पाळीत हात लावायचा नाही, तर त्या आहेत तेवढे दिवस वाद घालू नकोस, त्या वयात तो नियम सुटणं कठीण असतं, पण त्याची लाज वाटून घेऊ नकोस आणि तुळस वाळल्याचं कारण म्हणून तर मुळीच मान्य करू नकोस. शांतपणे म्हण, "आई, ऊन मिळत नव्हतं म्हणून गेली."

कुंडीचं आता. किचनच्या खिडकीत सकाळी ऊन येतं लिहिलंयस, मग तुळस तिथे ठेव, दिशा जी असेल ती असू दे. गावाकडेही वृंदावन दारासमोर, उघड्यावर असतं, ते ऊन मिळावं असंच असतं. वृंदावनाला भोक पाडता आलं तर पाडून घे, नाहीतर तुळस भोकाच्या साध्या मातीच्या कुंडीत लाव, निदान दहा इंची, आणि पूजेपुरतं सिरॅमिकचं शेजारी ठेव. माती भुसभुशीत हवी, बागेतली माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू. नर्सरीचं रोप असेल तर तो लाल गोळा पाण्यात भिजवून हळूच मोकळा कर, तसाच पुरू नकोस.

पाण्याची गडबड बहुतेक घरांत होते म्हणून नीट सांगते. अंगणातल्या वृंदावनात तांब्याभर पाणी घातलं तर ते खाली जमिनीत जातं. कुंडीत ते जाणार कुठे? आणि घरातले तिघं जण आंघोळ करून भक्तीने एकेक तांब्या घालत असतील तर झालंच. पूजेचं पाणी पळीने घाल, एक पळी, तेवढ्याने पूजा पूर्ण होते. झाडाचं पाणी वेगळं, बोट मातीत पेरभर खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच, उन्हाळ्यात रोज लागेल, पावसाळ्यात चार-चार दिवस लागणार नाही. दूध, साखरेचं पाणी, पंचामृत मातीत ओतायचं नाही, मुंग्या आणि बुरशी येते. हळदकुंकू वृंदावनाच्या भिंतीला लाव, खोडाला नको आणि मातीवर तर नकोच, मातीवर थर बसून ती दगडासारखी होते. अक्षता सांडल्या तर वेचून घे. दिवा पानांपासून हातभर लांब, जुन्या वृंदावनांना खाली दिव्याची देवळी असते ती उगाच नाही. उदबत्ती मातीत खोचू नकोस. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापसाने पुसून काढ आणि आठवड्याने एकदा कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवार, त्या दिवसांत पानं खाऊ नका.

मंजिरीला हात लावायला बायका घाबरतात, पाप वाटतं. पण मंजिरी विष्णूला, विठोबाला वाहतात ना? मग कोवळी असतानाच खुडून देवाला वाहा, देवाची पूजा होते आणि झाड आणखी फुटतं, जास्त दिवस जगतं. रविवार, एकादशी-द्वादशी, संध्याकाळ पाळत असशील तर ते सोडून इतर दिवशी खुड. दोन-चार मंजिऱ्या मात्र झाडावरच वाळू दे, तळहातावर चोळल्या की मोहरीहून बारीक बी निघतं, ते दुसऱ्या छोट्या कुंडीत भुरभुरून वरून चिमूटभर माती, पाणी शिंपडून ऊबदार जागी ठेव, आठ-पंधरा दिवसांत उगवतं. नेहमी एक मोठी तुळस आणि दोन लहान रोपं घरात हवीत. मग एक गेली तरी घर तुळशीविना राहत नाही, आणि शेजारच्या त्या काकूंनाही एक देता येईल.

परदेशातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. माती आणि रोपं बॅगेत घालून नेऊ नका, बियासुद्धा नियम बघितल्याशिवाय नको, ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी फार कडक आहे. तिथल्याच भारतीय दुकानातून किंवा ओळखीच्या घरून रोप घ्या. थंडीत तुळस बाहेर टिकत नाही, पारा दहाच्या खाली जायला लागला की घरात, दक्षिणेच्या खिडकीत (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाल्यांनी उत्तरेच्या), आणि हीटरच्या झोतापासून लांब. तरी थंडीत गेली तर बी जपून ठेवलेलं असू द्या, वसंतात परत पेरा. आणि रात्री ऑक्सिजन सोडते म्हणून बेडरूममध्ये ठेवा असा जो मेसेज फिरतो तो खरा नाही, अंधारात तुळससुद्धा इतर झाडांसारखीच ऑक्सिजन घेते. ती पूज्य आहे, औषधी आहे, तेवढं पुरेसं आहे.

शेवटी तुझी झोप. रात्री उठून उठून बाल्कनीत जातेस ते तुळशीसाठी नाही, सासऱ्यांची तब्येत आणि नवऱ्याची नोकरी या दोन्ही गोष्टी तुझ्या हातात नाहीत आणि कुंडी हातात आहे, म्हणून मन तिथे जातं. मग जे खरंच हातात आहे ते करू या. सासऱ्यांच्या गोळ्या चालू आहेत का, पुढची तपासणी कधी आहे, ते याच फोनवर सासूबाईंना विचार. नवऱ्याबरोबर बसून हप्ते किती, शिल्लक किती, नोकरी गेलीच तर किती महिने निघतील हे एकदा कागदावर मांडा, आकडा दिसला की भीती आटोक्यात येते. दोन-तीन आठवड्यांतही झोप लागली नाही तर डॉक्टरांना दाखव, किंवा सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि नवऱ्याला आजच सांग. तुळस त्याच्याही घरातली आहे, आई त्याची आहे, मग वाळल्याचं टेन्शन तुला एकटीलाच का? सकाळी बोट घालून माती बघायचं आणि पाणी द्यायचं काम त्याच्याकडे दे, महिन्याचे तीसही दिवस, म्हणजे सासूबाईंचा नियमही आपोआप पाळला जाईल. रविवारी दोघं मिळून कुंडी, माती, शेणखत घेऊन या, आणि वृंदावन उलटं करून भोक आहे की नाही ते मला कळव.